वेग वाढवण्याआधी व्होल्टेज विचारा

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर सामान भरायला येणाऱ्या आपल्या माणसांना व्होल्टेजचं महत्त्व सांगावं लागत नाही. 1974 साली पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान याच रस्त्यावर निघालं. पुढे किराणा, साड्या, मिठाई यांच्या शेजारी 220 व्होल्टवर चालणाऱ्या वस्तूंची दुकानंही आली. भारतात न्यायची वस्तू घेताना आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती व्होल्टची? इथे भिंतीतून 120 व्होल्ट येतात, तिकडे 230. हाच प्रश्न आपली मुलं गेमिंगचा पीसी जुळवताना विचारत नाहीत. आज मला मिळालेली मिनिटं मी त्या एकाच प्रश्नावर खर्च करणार आहे.

प्रोसेसर कोणता घ्यावा, ते आधी उरकते. एल्स्टन ॲव्हेन्यूवरच्या मायक्रो सेंटरमध्ये जाण्यापूर्वी घरचा मॉनिटर बघा. 4के पडद्यावर खेळायचं असेल तर बहुतेक भार ग्राफिक्स कार्डावर पडतो, तिथे महागड्या प्रोसेसरवर डॉलर घालू नका. 1080पी आणि वेगवान पडदा असेल तर मात्र प्रोसेसरला किंमत येते. खेळासाठी सहा किंवा आठ कोअर पुरतात. ओव्हरक्लॉक करायचं, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचा असेल तर इंटेलच्या नावात शेवटी ‘के’ हवा आणि मदरबोर्ड झेड मालिकेचा हवा. एएमडीच्या बहुतेक रायझनना बी मालिकेचा बोर्ड चालतो, ए मालिकेचा नको.

आता माझा मुद्दा. 100 मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला मल्टिप्लायरने गुणलं की प्रोसेसरचा वेग येतो. 45चा 46 केला की 100 मेगाहर्ट्झ वाढले. एवढं कुठलंही पोर व्हिडिओ बघून करतं. पण व्होल्टेजचा रकाना ‘ऑटो’वर राहिला असेल, तर मदरबोर्ड तुम्हाला न विचारता व्होल्टेजही चढवतो आणि बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त चढवतो. मशीन अडखळू नये एवढंच तो बघतो. तुमचा प्रोसेसर किती वर्षं टिकेल, हे बघणं त्याचं काम नाही. पुन्हा सांगते: वेग तुम्ही वाढवता, व्होल्टेज तुमच्या नकळत वाढतं.

ओट्यावरचा आपला मिक्सर घ्या. डाळ वाटताना एकवरून तीनवर नेला की भांडं तापतं. तरीही रेटलं तर तळाचं लाल बटण बाहेर येतं आणि मिक्सर थांबतो. प्रोसेसरलाही असं लाल बटण आहे. 90 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास तो आपणहून वेग उतरवतो. म्हणून मुलं म्हणतात, “आई, काही होत नाही, तो स्वतःला सांभाळतो.” सांभाळतो खरा, पण उष्णतेपासून. मिक्सर चढ्या व्होल्टेजवर रोज थोडा थोडा चालवला, तर लाल बटण एकदाही न उडता आतलं वाइंडिंग खराब होत जातं. चटणी नेहमीसारखीच होते, म्हणून कळत नाही. प्रोसेसरचंही तसंच आहे. जास्त व्होल्टेजने तो झिजतो, आणि एरवी सहज पेलवणाऱ्या वेगावर पुढे गेम बंद पडू लागतो.

ही भीती मी उगीच घालत नाही. 2023च्या वसंतात एएमडीचे काही रायझन 7000 प्रोसेसर बोर्डावरच जळाले. रॅमचा वेग वाढवणारं एक्स्पो प्रोफाइल चालू केलं की काही बोर्ड प्रोसेसरच्या आतल्या एका भागाचं व्होल्टेज फार वर नेत होते. शेवटी एएमडीने त्याला 1.3 व्होल्टची मर्यादा घातली. 2024 मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अवाजवी व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचं निघालं. इंटेलने मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, सुधारला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण झिजलेला प्रोसेसर मायक्रोकोडने बरा होत नाही.

वेग हवा तर व्होल्टेज वाढवायलाच हवं, असंही नाही. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांच्या नेतृत्वाखाली इंटेलने 1993 साली आणलेला पहिला पेंटियम 5 व्होल्टवर, 60 आणि 66 मेगाहर्ट्झने चाले आणि चांगलाच तापे. पुढच्याच वर्षी पेंटियम 3.3 व्होल्टवर उतरला आणि 100 मेगाहर्ट्झला पोचला. 1998 सालच्या सेलेरॉन 300एवर कितीतरी जणांनी व्होल्टेजला हात न लावता 300चे 450 मेगाहर्ट्झ काढले. तसे दिवस आता नाहीत. आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच आपल्या मर्यादेजवळ चालत येतात, हाताने मिळणारी वाढ थोडीच असते. हिशेब ऐका. उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. दोन्ही 10 टक्क्यांनी वाढवा, उष्णता सुमारे 33 टक्क्यांनी वाढते. त्या बदल्यात खेळात चारदोन फ्रेम मिळतील, आणि ग्राफिक्स कार्ड आधीच पूर्ण भरलेलं असेल तर तेवढ्याही नाहीत.

मग करायचं कसं? रायझन असेल तर बायोसमधला कर्व्ह ऑप्टिमायझर उणे 10 वर ठेवून बघा. व्होल्टेज उतरतं, मशीन थंड राहतं, आणि उरलेल्या जागेत प्रोसेसर स्वतःच वेग वाढवतो. इंटेल असेल तर व्होल्टेज स्वतः ठरवून बांधून टाका, मल्टिप्लायर एकेक करत चढवा, आणि प्रत्येक पायरीवर प्राइम95 हा चाचणीचा प्रोग्राम तासभर चालवा. एक जरी चूक दाखवली तर एक पायरी खाली या. मुलांनो, हे मी तुम्हाला रागावूनच सांगते: “गेम तर चालतोय ना” ही परीक्षा नव्हे. अस्थिर मशीन गेम चालवतं आणि शाळेच्या फायली बिघडवून ठेवतं. ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हेही पैसे देणाऱ्या आईबाबांना आधी सांगा.

रॅमच्या वेगाबद्दल बोलायचं होतं, त्यातला एक्स्पोचा भाग तर... पण समोरच्या घड्याळाचा काटा हात दाखवतो आहे. तेव्हा एवढंच करा. आज घरी एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्राम उतरवून घ्या, एक गेम अर्धा तास चालवा, आणि प्रोसेसरचं सर्वांत जास्त व्होल्टेज किती झालं तो आकडा कागदावर लिहा. वेगाला हात लावायचा तो त्यानंतर.