पाडव्याची सुटी आणि सालगड्याचे साल



नववर्षाच्या सणास सरकारी सुटी असावी, अशी मागणी अनेक समाज करीत असतात. आपल्या राज्याने ती मोकळ्या हाताने मान्य केली आहे. महाराष्ट्राच्या सुट्यांच्या यादीत गुढीपाडवा आहे, बलिप्रतिपदा आहे, पारशी नववर्षही आहे. ह्याबद्दल माझी तक्रार नाही. गुढी उभारावी की नाही ह्या वादातही मी आज शिरत नाही. त्यावर आपण पुष्कळ शाई खर्च केली आहे.

मला विचारावयाचे आहे ते एवढेच की, ही सुटी मिळते कोणास? ही यादी 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 25 खाली निघते. तो कायदा हुंड्यांचा व धनादेशांचा आहे, श्रमिकांच्या विसाव्याचा नव्हे. त्याच्या आधाराने बँका बंद राहतात, शासनाची कचेरीही त्या दिवशी उघडत नाही. जानेवारी 2022 मध्ये दादरा व नगर हवेलीच्या मुक्तिदिनाच्या सुटीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा सार्वजनिक सुटी हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या कायद्याने वर्षाला आठ पगारी सुट्या दिल्या. पण जेथे कायद्याने ठरविलेल्या संख्येइतके कामगार आहेत तेथेच.

आता परभणी जिल्ह्यात या. जिंतूर, पाथरी, गंगाखेडकडच्या शिवारात सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि पाडव्यालाच नवे ठरते. धन्याच्या ओसरीवर बोलणे होते. रोकड किती, धान्य किती, मागची उचल किती फिटली, हे सारे तोंडी. चोपडी धन्याची आणि बेरीजही त्याचीच. उचल फिटली नाही म्हणून माणूस पुन्हा त्याच दारात बांधला जातो, आणि पुष्कळदा त्याच्याबरोबर त्याची बायकोही, जिचे नाव त्या बोलण्यात कोठेच नसते. ज्या दिवशी हा व्यवहार होतो, त्या दिवशी तहसील कचेरीला कुलूप असते. कारण काय, तर नववर्षाची सुटी!

संविधानाच्या अनुच्छेद 23 ने वेठबिगारी निषिद्ध केली आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे ही वेठच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात ठरविले. 1976 च्या कायद्याने वेठीचे कर्ज रद्द केले, आणि वेठीस धरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला. तो कायदा अमलात आणण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर आहे.

तेव्हा वाचकहो, आपल्या गावात जो लिहिता-वाचता तरुण असेल, त्याने पाडव्याच्या आठ-पंधरा दिवस आधी सालगड्यांच्या घरी बसावे. उचल कोणत्या तारखेस घेतली, किती दिवस राबले, धान्य किती मिळाले, हे कागदावर मांडावे. नव्या सालाचा करार दोन प्रतींत लिहावा, त्यात आठवड्याची सुटी घालावी, पत्नीचे काम असेल तर तिची मजुरी वेगळी दाखवावी, आणि एक प्रत गड्याजवळच ठेवावी. धनी सही करण्यास नकार देईल, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करून पोच घ्यावी. मात्र हे पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत उरकावे. दुसऱ्या दिवशी कचेरी बंद असते.