आधी कोणाचा नंबर?

मे २०२१ आठवतो? १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना कोरोनाची लस मिळू लागली आणि पंधरवड्याच्या आतच महाराष्ट्र सरकारला ते थांबवावं लागलं. साठा अपुरा, पंचेचाळिशीपुढच्यांचे दुसरे डोस अडलेले. नाशिकमध्येही आजोबांना लस, आणि कामासाठी रोज बाहेर पडणारा नातू मोबाइलवर लसनोंदणीचं ‘कोविन’ उघडून ताटकळलेला. निर्णय रास्तच होता म्हणा, जिवाचा धोका वयाबरोबर वाढत होता.

विजेचं गणित उलटं आहे, तिथे धोका लहानांच्या वाट्याला जास्त. नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीज केंद्राचे २१० मेगावॅटचे तीन संच १९८०च्या आसपासचे. तिथे ६६० मेगावॅटचा नवा संच यावा, ही जुनी मागणी; अनेकांची रोजीरोटी या केंद्रावर आहे. पण असा संच पुढची पंचवीस-तीस वर्षं कोळसा जाळणार, आणि त्याची राख आज शाळेत असलेल्यांच्या वाट्याला येणार.