फौजेतला हुन्नर, गावातलं काम

आम्ही माण-खटावकडच्या एका बचत गटातल्या बाया. गटात अकरा जणी, आणि त्यातल्या चौघींचे मालक फौजेतून आलेले. सातारा जिल्ह्यात याचं नवल कुणाला नाही. आमच्याकडं अपशिंगे नावाचं गाव तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. पण फौजी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं बंदूक येते. आमच्या चौघींपैकी तिघींच्या मालकांच्या हातात बंदुकीपेक्षा पाना, करवत नि थापीच जास्त राहिली. ते सॅपर. पुण्याजवळ खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं केंद्र आहे, तिथं ते तयार झाले.

सॅपर म्हणजे फौजेचा बांधकामवाला. रस्ता काढायचा, पूल टाकायचा, सुरुंग शोधायचे, पाण्याची सोय करायची, बर्फात राहायला खोल्या उभ्या करायच्या. त्यांचा एक लोखंडी पूल असतो, बेली पूल. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी एका इंग्रज इंजिनिअरनं तो काढला. दहा फूट लांबीच्या चौकटी, एकेक सुमारे २६० किलोची. सहा जणांनी उचलायची, दुसरीला जोडायची, खीळ ठोकायची, की पूल पुढं सरकला. क्रेन लागत नाही. २०२४च्या जुलैअखेर केरळात वायनाडला दरड कोसळली, तेव्हा चूरलमला इथं १९० फुटांचा असा पूल मद्रास इंजिनिअर ग्रुपच्या जवानांनी टाकला आणि १ ऑगस्टला तो खुला झाला. त्या तुकडीत मेजर सीता शेळके होत्या, आपल्या पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावच्या लेक. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर २९ सप्टेंबर २०१७ला चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. त्यानंतर तिथला पादचारी पूलही लष्करानंच बांधून दिला, २०१८च्या फेब्रुवारीत.

हे सगळं सांगायचं कारण असं, की असली कामं केलेला माणूस पस्तिशी-चाळिशीत घरी येतो आणि आठ दिवसांत त्याला पहिला निरोप येतो तो वॉचमनच्या नोकरीचा. एटीएमच्या दाराशी नाहीतर एखाद्या सोसायटीच्या गेटवर. ते काम हलकं आहे असं आम्ही म्हणत नाही. आमच्यातल्या एकीचं घर त्याच्यावरच चाललंय. पण वीस वर्षांचा हुन्नर पेटीत ठेवून बारा तास खुर्चीवर बसायचं, हे त्या माणसालाही आतून खातं. घरात चिडचिड वाढते, संध्याकाळची बाटली वाढते. ते कुणाला भोगावं लागतं हे आपल्याला ठाऊक आहे.

असं का होतं? आमच्या मते मोठं कारण नावाचं आहे. फौजेत ट्रेडचं नाव असतं ‘आर्टिझन कन्स्ट्रक्शन’. गावात त्याला म्हणतात गवंडी. ‘आर्टिझन वूड वर्क’ म्हणजे सुतार, ‘आर्टिझन मेटलर्जी’ म्हणजे लोहार-वेल्डर. ‘ऑपरेटर एक्सकॅव्हेटिंग मशिन’ म्हणजे आपल्या भाषेत जेसीबीवाला, फक्त हा हिमालयाच्या कड्यावर मशिन चालवून आलेला. ठेकेदाराला यातलं एकही नाव कळत नाही. आणि फौजी स्वतः काय सांगतो? “काही नाही, ड्युटी केली.” झालं.

म्हणून आमच्या गटानं एक केलं. दोनशे पानी वही घेतली आणि एकेकाच्या घरी जाऊन बसलो. चहा घेतला आणि विचारत गेलो. हातानं काय काय बांधलं? कुठलं मशिन चालवलं, ते बिघडल्यावर कोण दुरुस्त करायचं? हाताखाली किती माणसं होती? सामानाचा हिशोब कुणाकडं होता? पहिल्या दिवशी कुणीच बोललं नाही. बायकांनी प्रश्न विचारायचे याची सवयही नव्हती. दुसऱ्या दिवशी मात्र एक जण सुटले. लडाखला थंडीत पाईपमधलं पाणी गोठतं, पाईप फुटतो, मग तो जमिनीत किती खोल न्यायचा, वरून काय गुंडाळायचं, हे त्यांनी आम्हाला तासभर सांगितलं. त्यांच्या बायकोनं हे सोळा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. आम्ही वहीत लिहिलं: पाईपलाईन टाकणं, गळती काढणं, पंप बसवणं. आता सांगा, घरोघरी नळाची योजना आलेल्या कुठल्या गावाला असा माणूस नको आहे?

दुसरे हवालदार होते. ते म्हणाले, मी फक्त माणसं नि स्टोअर बघत होतो. म्हणजे हजेरी, सिमेंट-सळईची नोंद, कामाचा क्रम, कुणाला इजा होऊ नये याची काळजी. बांधकामावर याला सुपरवायझर म्हणतात आणि चांगला सुपरवायझर ठेकेदाराला शोधून सापडत नाही. ते आज कराडकडच्या एका कामावर आहेत.

कागदाचं थोडक्यात सांगतो. घरी यायच्या आधीच डिस्चार्ज बुकात ट्रेड आणि त्याचा वर्ग नीट लिहिलाय का, हे बघून घ्यायला सांगा. नंतर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. निवृत्तीआधी संरक्षण खात्याच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स असतात, ते ‘सुट्टी मिळते’ म्हणून नव्हे, कामाचा बघून निवडायला सांगा. आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद करायची. सरकारी भरतीत राज्यात माजी सैनिकांना गट क आणि गट डमध्ये १५ टक्के जागा आहेत, आणि वयातून नोकरीची वर्षं अधिक तीन वर्षं वजा धरतात. दहावी झालेल्या आणि १५ वर्षं सेवा केलेल्या जवानाला केंद्राच्या गट कच्या ज्या पदांना नुसती पदवी लागते, तांत्रिक शिक्षण लागत नाही, तिथं पदवीधर धरलं जातं. हे पुष्कळांना माहीत नसतं. सॅपरला जवळची खाती म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस आणि सीमेवर रस्ते बांधणारी संघटना. वीजकाम करायचं असेल तर विद्युत निरीक्षकांकडचा वायरमन परवाना लागतो, आणि मशिन रस्त्यावर काढायचं तर आरटीओचा. फौजेत चालवलं म्हणून इथं कुणी सोडत नाही.

पण खरी अडचण कागदाची नाहीच. फौजेत मागणी लिहिली की सामान येतं. इथं सिमेंट उधारीवर आणायचं, भाव करायचा, आणि काम झाल्यावर आपलेच पैसे चार वेळा मागायला जायचं. फौजी माणसाला ‘माझे पैसे द्या’ म्हणायला जीभ रेटत नाही. त्याला ते लाचारीचं वाटतं. शिवाय तो मजुरांवर हुकूम सोडतो. कंपनीत चालतो तो हुकूम, इथं दुसऱ्या दिवशी मजूर येतच नाहीत. आमच्यातल्या एकीच्या मालकांनी घरकुलाची दोन कामं घेतली. बांधकाम असं, की ओळंबा लावून बघा, सुताएवढा फरक नाही. पण मजूर तीनदा बदलले आणि बाकी वसूल व्हायला दिवाळी उजाडली. मग हिशोब बायकोनं हातात घेतला. ती गटाची सचिव, तिला वसुलीची सवय. आता माप तो घेतो, पावती ती लिहिते. आगाऊ रक्कम आल्याशिवाय पाया खोदायचा नाही, हा नियमही तिचाच. आम्हाला वाटतं, बचत गटात जे शिकलो ते इथं सगळ्यात जास्त कामाला आलं.

आता पैशाचं. निवृत्तीला ग्रॅच्युइटी, फंड आणि रजेचे पैसे एकदम हातात येतात. पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग विकूनही रोख घेता येते, पण मग तेवढी पेन्शन पंधरा वर्षं कमी मिळते. हे घरात बोलून ठरवा. एकदम आलेला पैसा भाऊबंदांना आधी दिसतो, आपल्याला नंतर. आणि सॅपरच्या घरात एक ठरलेला मोह असतो: जेसीबी घेऊ या. चालवता तर येतं! येतं, पण हप्ता बारा महिन्यांचा आणि माती उकरायचं काम पावसाळ्यात बंद. डिझेल, टायर, दुरुस्ती, आणि ज्या गावात पाच मशिनं आधीच उभी आहेत तिथं सहावं कुणाचं काम घेणार? आमच्याकडं आम्ही असं ठरवलंय, की आधी एक वर्ष दुसऱ्याच्या मशिनवर पगारानं बसायचं. कुणाकडं काम निघतं, कोण पैसे बुडवतो, हे त्या वर्षात कळतं. मग बँकेत जायचं. यावर आमच्या घरांत भांडणं झाली, अजून होतात.

एक गोष्ट आता नवी आली आहे. २०२२पासून मुलं अग्निवीर म्हणून जातात, चार वर्षांसाठी. त्यातली जास्तीत जास्त चौथाई कायम होतील, बाकीची सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये घेऊन घरी येतील. त्यांना पेन्शन नाही. वर सांगितलेल्या माजी सैनिकांच्या सवलती त्यांना जशाच्या तशा लागू आहेत असं धरून चालू नका, कार्यालयात विचारून घ्या. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६च्या अखेरीला भरतात. आमच्या गावातली तीन पोरं त्यात आहेत, एक खडकीलाच शिकलेला. त्याच्या आईला आम्ही सांगितलंय, सुट्टीला आला की वही घेऊन येतो. तोवर त्याला फोनवर एवढंच सांग, की रोज काय शिकलास ते एका ओळीत लिहून ठेव, मराठीत, तारीख घालून.