साधा ताप आणि हृदयविकार
(पालक मेळाव्यातील भाषण)



मी इतिहास शिकविणारा साधा शिक्षक. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार शून्य. तरीही हा विषय मी मागून घेतला, त्याला कारण घडले. गेल्या पावसाळ्यात नववीतील एका विद्यार्थ्याचे आजोबा फ्लूने आजारी पडले. ताप उतरू लागला आणि चौथ्या दिवशी पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. मुलगा शाळेत आला तेव्हा म्हणाला, "सर, तापाने हृदय बंद पडते का?" मला उत्तर देता आले नाही. त्याच घरातले चाचा मात्र औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक गोळ्या आणून खाऊ लागले. नसांतले जंतू मरतील, ही त्यांची समजूत. म्हणून मी वाचायला बसलो.

ही समजूत अगदीच हवेतून आलेली नव्हे. १९७८ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी कोंबड्यांना एका विषाणूची लागण केली, तेव्हा त्यांच्या रोहिण्यांत माणसासारखेच चरबीचे थर साचले. १९८८ मध्ये फिनलंडमध्ये हृदयरोग्यांच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनिए या श्वसनमार्गाच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे निरोगी माणसांपेक्षा अधिक आढळली. पोटातला अल्सर जंतूमुळे होतो हेही त्याच दशकात उमगले होते. मग हृदयाचे दुखणेही गोळ्यांनी बरे का होऊ नये, अशी आशा वाटणे साहजिक होते.

पण आशा म्हणजे पुरावा नव्हे. हा जंतू बहुतेक प्रौढांना कधी ना कधी गाठतोच. शिवाय विडी ओढणाऱ्याला छातीचे विकारही जडतात आणि हृदयरोगही. त्यात कोणाचा दोष कोणाच्या माथी मारायचा? खरी परीक्षा औषधाने झाली. अमेरिकेत सुमारे ४,००० हृदयरोग्यांपैकी अर्ध्यांना वर्षभर दर आठवड्याला ॲझिथ्रोमायसिन दिले, अर्ध्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. २००५ मध्ये निकाल आला. औषध घेणाऱ्यांत ४४६ जणांना मृत्यू, झटका वा तत्सम संकटाने गाठले. दुसऱ्या गटात ४४९ जणांना. गणिताच्या सरांना विचारा, हा फरक फरकच नव्हे. डेन्मार्कच्या एका प्रयोगात तर क्लॅरिथ्रोमायसिन घेणाऱ्यांतच मृत्यू अधिक झाले.

मग मुलाचा प्रश्न चुकीचा होता का? मुळीच नाही. त्याचे उत्तर मला २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या अभ्यासात मिळाले. तेथे तपासणीत फ्लू ठरलेल्या आणि त्याच्या वर्षभर आधी वा नंतर झटका आलेल्या रोग्यांचा हिशेब मांडला. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच. एरवीच्या आठवड्यांत सरासरी ३.३ झटके, फ्लूच्या तपासणीनंतरच्या पहिल्या सात दिवसांत २०! म्हणजे सहा पट.

हे का होते? रोहिणीत चरबीचा थर वर्षानुवर्षे साचत असतो. त्याला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही जुनीच मंडळी जबाबदार. तापात नाडी जलद चालते, हृदयाला प्राणवायू जास्त लागतो, शरीरभर दाह होतो, रक्त गोठण्याकडे झुकते. अशा वेळी तो थर फुटला, की तेथे गुठळी धरते आणि वाट बंद होते. भिंत आधीच पोखरलेली असते, ताप तिला शेवटचा धक्का देतो.

फ्लू हा विषाणू आहे, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मात्र लस आहे. नुकताच झटका येऊन गेलेल्या रोग्यांना ती देऊन पाहिली, तेव्हा वर्षभरात मृत्यू वा पुन्हा झटक्यासारखी संकटे ५.३ टक्के लोकांत आढळली, लस न मिळालेल्यांत ७.२ टक्के. हे २०२१ चे निष्कर्ष. घरात हृदयरोगी असेल तर डॉक्टरांना या लसीविषयी जरूर विचारा. ती दर वर्षी घ्यावी लागते. आणि तापानंतर वडीलधाऱ्यांच्या छातीत दुखले, धाप लागली, तर "अशक्तपणा असेल" म्हणून वाट पाहू नका. आजोबांच्या बाबतीत रात्रभर वाट पाहिली गेली.

मुलांच्या घशाच्या सुजेची गोष्ट वेगळी. एका जातीच्या जंतूने आलेली ती सूज अंगावर काढली तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा निकामी होऊ शकतात. तेथे डॉक्टरांनी दिलेले पेनिसिलिन खरोखर हृदय वाचविते.

चाचांच्या उशाशी अजून गोळ्यांची अर्धी पट्टी आहे, असे मुलगा सांगतो. येत्या रविवारी मी त्यांना डॉक्टरांकडे नेणार आहे. रक्तदाब त्यांनी आजवर एकदाही मोजून घेतलेला नाही.