जुनी मोटार, नवी चाके

उटनूरहून आदिलाबादला जावयाचे म्हणजे इंद्रवेल्लीवरून गुडीहतनूरला यावयाचे आणि तेथे हमरस्त्याला लागावयाचे. अंतर सुमारे ५० किलोमीटरांचे. तसे ते फार नव्हे. परंतु गाडी जुनी असेल आणि आत दुखणाईत माणूस असेल, तर तेच अंतर फार मोठे वाटू लागते. या जिल्ह्यातील बरीचशी जमीन काळी, कापसाची आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते व भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या रस्त्याचा पाया त्यामुळे हलत राहतो आणि पावसाळा सरला की डांबराला ठिकठिकाणी खळगे पडलेले दिसतात.

उटनूरच्या एका निवृत्त गुरुजींपाशी जुनी मारुती ८०० आहे. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात प्रथम ग्राहकांच्या हाती पडली व २०१४ च्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. तरीही लहान गावांतून ती अद्याप दृष्टीस पडते. गुरुजींच्या पत्नीला मणक्याचे दुखणे आहे. दर पंधरवड्यास तिला आदिलाबादच्या दवाखान्यात न्यावे लागते. चाक खड्ड्यात आदळले की ती डोळे मिटून घेते आणि काही बोलत नाही. तिचे ते न बोलणे गुरुजींना अधिक लागते.

गाडी सुधारावयाची असे ठरले, तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, मिश्रधातूची चकचकीत चाके घालू, टायर रुंद घेऊ आणि स्प्रिंगांच्या वेढ्यांत रबर बसवून गाडी उंच करू.” निवृत्तिवेतनातून बाजूला काढलेल्या पैशांत एवढे सारे बसणारे नव्हते. तेव्हा कोणता खर्च आधी करावा, हा प्रश्न उभा राहिला. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंबापुढे तो केव्हा ना केव्हा उभा राहतोच.

त्याचे उत्तर शोधावयाचे तर गाडी धक्का कसा पचविते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. स्प्रिंग गाडीचा भार पेलते आणि धक्का बसताच दबते. परंतु दबलेली स्प्रिंग पुन्हा उसळते, खाली येते व पुन्हा उसळते. ही उसळी शमविण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बर करतो. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या हलला की ते तेल बारीक छिद्रांतून वाट काढते आणि उसळीचा जोर उष्णतेच्या रूपाने विरून जातो. मारुती ८०० च्या पुढील चाकांना स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर एकाच खांबात बसविलेले असतात. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ही रचना ओळखली जाते. मागील चाकांना आरंभीच्या गाड्यांत पाटे होते. १९८६ मध्ये आलेल्या नव्या बनावटीत त्यांच्या जागी वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या.

पोलादाची स्प्रिंग पुष्कळ वर्षे टिकते. आधी झिजतात ते रबरी बुश, बॉल जॉइंट आणि शॉक ॲब्सॉर्बर. याची पारख घरच्या घरी होते. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडावा. तो वर येऊन एका हेलकाव्यात स्थिर झाला, तर ठीक. दोनतीनदा डुलत राहिला, तर शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाला असे समजावे. नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तरी निष्कर्ष तोच. सावकाश जाताना खडखड ऐकू येत असेल, तर बहुधा बुश किंवा जॉइंट झिजलेला असतो.

यावरून खर्चाचा क्रम आपोआप ठरतो. पहिला पैसा बुश आणि जॉइंट यांवर खर्चावा. ते स्वल्प किमतीचे असतात, परंतु त्यांवाचून पुढील सारा खर्च वाया जातो. दुसरा पैसा शॉक ॲब्सॉर्बरवर. एका आसाचे दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा व एक जुना ठेवला की गाडी खड्ड्यात एका अंगाला ओढते. तिसरा पैसा टायरवर, आणि सर्वांत शेवटी चाकांची जुळणी व तोल साधून घ्यावा. ती जुळणी आधी केली, तर सुटे भाग बदलल्यावर पुन्हा करावी लागते.

टायर घेताना त्याच्या बाजूवरील अक्षरे वाचावीत. १४५/७० आर १२ याचा अर्थ रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के व रिम १२ इंची. अशा टायरचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी १४५/८० घेतला, तर तो सुमारे ५३७ होतो. गाडी जमिनीपासून जेमतेम १४ मिलिमीटर उंच होते. परंतु वेगाचा काटा ६० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ६३ च्या वेगाने धावत असते. शिवाय वळणावर टायर मडगार्डला घासण्याचा संभव राहतो. यास्तव उत्पादकाने सांगितलेले माप सोडू नये. टायरवर चार आकडी तारीखही असते. २३१९ असे असेल, तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला टायर स्वस्त मिळतो, पण त्याचे रबर कडक झालेले असते. आणि नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदललाच पाहिजे.

मिश्रधातूच्या चाकांची शोभा कोणी नाकारणार नाही. उत्तम प्रतीची असतील, तर ती वजनानेही हलकी असतात. तथापि हलक्या प्रतीचे चाक खड्ड्यात आदळले की तडकते. साधे पोलादी चाक वाकते आणि बहुधा ठोकून सरळ करता येते. स्प्रिंगांत रबर घालण्याची युक्ती स्वस्त खरी. परंतु त्यामुळे स्प्रिंगेचे काही वेढे हलतच नाहीत, उरलेल्यांवर अधिक ताण येतो आणि गाडी कठीण होते. पाठीचे दुखणे असलेल्या माणसासाठी हा उपाय म्हणजे रोगाहून जड औषध होय. रुंद टायरांनी स्टिअरिंग जड होते व इंधनही अधिक जळते.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी करून ती पाच पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्या वेळी उंच केलेली गाडी व बाहेर आलेली चाके मालकाला अडचणीत आणू शकतात.

शेवटची गोष्ट भाराची. पुष्य अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. त्या दिवसांत चौघांच्या गाडीत सातजण बसलेले सर्रास दिसतात. अशा गाडीला कोणतीही सुधारणा तारू शकत नाही. हवेचा दाब टायर थंड असताना, पंधरवड्यातून एकदा तपासावा. या सुधारणेला जवळजवळ काहीच खर्च नाही, आणि नेमकी तीच सर्वांत अधिक विसरली जाते.

गुरुजींनी मुलाला गॅरेजात नेऊन गाडीचा कोपरा दाबावयास लावला. गाडी तीनदा डुलली. मुलाने पुन्हा एकदा दाबून पाहिले आणि चाकांचा विषय स्वतःच सोडला. बुश बदलले, चारही शॉक ॲब्सॉर्बर बदलले, मूळ मापाचे चार साधे टायर घातले आणि जुन्याच पोलादी चाकांना रुपेरी रंग दिला. तेवढी हौस मुलासाठी. पुढच्या पंधरवड्यास ते तिघे आदिलाबादला निघाले. रस्ता तोच होता, खळगेही तेच होते. बऱ्याच वेळाने मागच्या आसनावरून प्रश्न आला, “इंद्रवेल्ली मागे पडली का हो?”

ती मागे पडून पुष्कळ वेळ झाला होता.