घाटाची सायकल आणि तिचा शिफ्टर

(महिलांच्या सायकल फेरीच्या तयारीसाठी शहादा येथे झालेल्या शिबिरातील भाषण)



फेरीचा मार्ग ठरवताना बहुतेकींचं बोट नकाशावर सपाटीवरूनच फिरतं, हे मी काल पाहिलं. शहादा, सारंगखेडा, नंदुरबार, फार तर तळोदा. तापीकाठचे रस्ते आहेत, साधी सायकल चालते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना ज्या सायकली मिळाल्या, त्या याच रस्त्यांवरून शाळेत गेल्या. पण मग धडगाव, मोलगी, तोरणमाळ या बाजूला कोण जाणार? फेरी नेहमी खालूनच गेली, तर वरच्या बायकांनी आपल्याला का आपलं म्हणावं? तोरणमाळ साधारण अकराशे पन्नास मीटर उंचीवर आहे. शहाद्याहून निघालं की जवळजवळ हजार मीटर चढायचं, आणि शेवटी सात पायरी घाट. मोलगीला देवगोईचा घाट, धडगावला चांदसैलीचा. त्यात पुस्तकं, पोस्टर, कपडे आणि पाणी धरून प्रत्येकीच्या सायकलवर वीसेक किलो ओझं. म्हणून आजचा विषय गिअर, आणि त्यातही गिअर बदलायचा हँडलवरचा लिव्हर, ज्याला दुकानात शिफ्टर म्हणतात. विषय रुक्ष वाटेल. पण घाटात कोण पुढं जाते आणि कोण टेम्पोत बसते, हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं.

आधी थोडा हिशेब. आपल्या साध्या काळ्या सायकलला पुढं चव्वेचाळीस दात, मागं अठरा. पायडलची एक फेरी मारली की सायकल पाच मीटरहून जास्त पुढं जाते. सपाटीवर ठीक आहे. घाटात तेवढं ओझं एका फेरीत पाच मीटर वर ढकलायचं म्हणजे गुडघे जातात. पुढं बावीस दात आणि मागं चौतीस असतील, तर एका फेरीत सायकल जेमतेम एक मीटर तीस-पस्तीस सेंटिमीटर जाते. मिनिटाला साठ फेऱ्या धरल्या तर वेग तासाला पाच किलोमीटरच्या आत. म्हणजे चालण्याइतकाच. एका मैत्रिणीनं विचारलं, मग पायीच का जाऊ नये? कारण ओझं कॅरियरवर राहतं, डोक्यावर नाही. मोळी वाहिलेल्या बाईला हे मी वेगळं सांगायला नको.

गिअर म्हणजे लाड, अशी समजूत जुनी आहे. फ्रान्समध्ये १९०२ साली तिथल्या टूरिंग क्लबनं डोंगराळ रस्त्यावर एक चाचणी घेतली. मार्त हेस ही बाई तीन गिअरच्या सायकलवर होती आणि एडुआर फिशर हा नावाजलेला स्पर्धक बिनगिअरच्या. घाटात बाई पुढं गेली. त्यावर आंरी देग्रांज हे गृहस्थ म्हणाले, चाचणी चांगली झाली, पण गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी, आपण नाजूक होत चाललो आहोत. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, याच देग्रांजनी टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू केली, आणि तिच्यात साखळी सरकवणाऱ्या गिअरला, डिरेलरला, १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. बाईनं डोक्यानं जिंकलं की ती फसवणूक ठरते, आणि पुरुषानं मांडीच्या जोरावर जिंकलं की ते शौर्य.

आता शिफ्टरकडे. मुख्य प्रकार दोन. एकात दांडी दाबली की टक् आवाज होतो आणि साखळी बरोबर पुढच्या चक्रावर जाते. हा टप्प्यांचा शिफ्टर. शिमानो कंपनीनं १९८४ मध्ये तो चांगला रुळवला आणि आज बहुतेक सगळ्या सायकलींना तोच येतो. दुसरा बिनटप्प्याचा. दांडी केवळ घर्षणानं जागेवर राहते. किती सरकवायची ते तुमचा हात आणि कान ठरवतात. साखळी खरखरली की दांडी केसभर हलवायची.

दुकानदार पहिलाच प्रकार दाखवेल, आणि नवी सायकल दुकानात तरी लोण्यासारखी चालेल. पण टप्प्याच्या शिफ्टरला सगळं मोजून-मापून लागतं. केबल थोडी ताणली गेली, तिच्या आवरणात धूळ शिरली, की टप्पा चुकतो. चक्रांमधलं अंतर आणि शिफ्टरचं माप जुळावं लागतं. वाटेत नऊ चक्रांच्या जागी सात चक्रांचं फ्रीव्हील मिळालं, तर शिफ्टर जागेवरच निरुपयोगी. आणि डिरेलर ज्या कानाला लटकतो तो कान जरा वाकला तरी काम बिघडतं. आपल्याकडे तो कुठं वाकतो सांगू? एसटीच्या टपावर. सायकल उजव्या कुशीवर आडवी टाकतात आणि वर कुणाचं तरी पोतं. बिनटप्प्याचा शिफ्टर हे सगळं बऱ्यापैकी पोटात घालतो. सात चक्रं असोत की नऊ, कंपनी कुठलीही असो, कान थोडा तिरका असो, हातानं सांभाळून घेता येतं. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांपासून धडगावपर्यंत भाग बदलत-बदलत जावं लागलं, तरी चालेल.

त्याचा एक दोष सांगितलाच पाहिजे. खडबडीत रस्त्यावर दांडीचा स्क्रू सैल होतो, आणि डिरेलरची स्प्रिंग दांडी आपल्याकडे ओढून घेते. ऐन चढावर गिअर आपोआप जड होतो. उपाय सोपा: स्क्रूला धरायची कडी असेल तर बोटानं, नाहीतर नाण्यानं आवळायचा. रोज सकाळी हवा बघता तसा हा स्क्रू बघा.

मी सुचवेन तो प्रकार मधला आहे. अंगठ्यानं ढकलायचा, हँडलच्या वर बसणारा शिफ्टर, ज्यात टप्प्यानं आणि बिनटप्प्यानं, दोन्ही सोयी असतात. सनरेस, मायक्रोशिफ्ट या कंपन्या असे बनवतात. टप्पे जुळत आहेत तोवर टक्-टक् वापरा, बिघडलं की खटका फिरवा आणि पुढं चला. फ्रेमच्या दांड्यावर बसणारे जुने लिव्हर सर्वांत साधे आणि टिकाऊ असतात, हे खरं. पण त्यासाठी हँडल सोडून खाली वाकावं लागतं. पुढच्या चाकाला पिशव्या असल्या तर तेवढ्यात हँडल लचकतं. साडीत तर ते त्रासाचंच. मूठ पिळून गिअर बदलायचा प्रकार घामेजल्या हाताला सुटतो आणि खड्ड्यात मूठ घट्ट धरली की नको तेव्हा फिरतो. ब्रेकच्या लिव्हरमध्येच गिअर असलेले शिफ्टर शर्यतीच्या सायकलींना शोभतात. त्यांची यंत्रणा आत दडलेली, केबल आतच विसविशीत होऊन तुटते आणि तुकडे काढायला कारागीर लागतो. बॅटरीवर चालणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको.

विकत घेताना एक गोष्ट दुकानदार कधी विचारत नाही, ती तुम्ही करा. हँडल नेहमीसारखं धरा आणि बोटं न ताणता अंगठा दांडीपर्यंत पोचतो का ते बघा. हे भाग बहुतेक मोठ्या पंज्यासाठी बनतात. दिवसभर ऊस तोडलेल्या हाताला दांडी जड वाटली, तर ती बाई गिअर बदलायचंच टाळते आणि जड गिअरमध्ये झिजत राहते. एका मोठ्या शहरातल्या दुकानात मी शिफ्टर मागितला, तेव्हा मालकानं सगळी माहिती माझ्या भावाला दिली. भावाला सायकल येत नाही. माझा अंगठा किती लांब आहे ते त्याला कसं कळणार?

तामिळनाडूत पुदुक्कोट्टईच्या साक्षरता मोहिमेत, १९९१-९२ च्या सुमारास, हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरल्या नाहीत तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या, आणि मधल्या दांड्यावर पोराची बैठक बसते म्हणून त्याच बऱ्या, असंही सांगितलं. कंपनीनं काय ठरवलंय यापेक्षा आपल्याला काय वाहायचंय ते त्यांनी पाहिलं. शिफ्टर निवडताना तसंच करा.

आता दुरुस्ती. गिअरची केबल ब्रेकच्या केबलहून बारीक असते, साधारण सव्वा मिलिमीटर, आणि तिचं डोकंही वेगळं. पंक्चरच्या दुकानात ब्रेकची मिळेल, ही मिळेलच असं नाही. म्हणून प्रत्येकीनं मागच्या गिअरच्या दोन केबली जवळ ठेवायच्या, दोन-दोन मीटरच्या. एकीच्या पिशवीत सगळ्यांच्या ठेवू नका. ती पुढं निघून गेली की मागच्या बसतात वाट बघत.

केबल तुटली की साखळी सर्वांत लहान चक्रावर, म्हणजे सर्वांत जड गिअरवर, जाऊन बसते. नवी केबल नसेल तर डिरेलरच्या बाजूची तुटकी तार ओढून साखळी मधल्या चक्रावर आणा आणि तार पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याच्या स्क्रूखाली आवळून टाका. एकच गिअर राहील, पण मुक्कामापर्यंत पोचाल. डिरेलरवर दोन बारीक स्क्रू असतात. त्यातला एक साखळीला आतल्या बाजूला चाकाच्या तारांत जाण्यापासून अडवतो. सायकल एसटीवरून उतरवली की आधी डिरेलर सरळ आहे का ते मागून बघा, मग मागचं चाक उचलून, पायडल हातानं फिरवत, सर्वांत हलक्या गिअरवर साखळी नेऊन बघा. घाटात ती तारांत अडकली तर चाकही जातं आणि बाईही पडते. खरं तर टपावर चढवतानाच डिरेलरचा एक बोल्ट सोडून तो आत, फ्रेमला, सुतळीनं बांधावा.

चढ सुरू होण्याआधी गिअर हलका करा, चढात शिरल्यावर नाही. बदलताना पायाचा जोर क्षणभर सैल सोडा. भरलेली सायकल थांबली की साखळी सरकत नाही. उतरून मागचं चाक उचलावं लागतं, आणि वीस किलो घेऊन ते उचलणं एकटीचं काम नाही.

बाहेर अंगणात दोन सायकली उलट्या करून ठेवल्या आहेत. चहा झाला की प्रत्येकीनं एकदा केबल काढून परत घालायची आहे. पक्कड दोनच आहेत, तेव्हा पाच-पाच जणींनी या.