माजी सैनिकाचे ताट
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



भिंतीवर पलटणीच्या गणवेशातील एखादे छायाचित्र नाही असे घर आपल्या ज्ञातीत विरळाच. त्या छायाचित्रांमागील पराक्रमाविषयी या व्यासपीठावरून पुष्कळ वेळा बोलले गेले आहे. कार्यकारी मंडळाच्या आज्ञेवरून मी घेतलेला विषय त्या मानाने फार घरगुती आहे : फौजेतून परतलेल्या माणसाचे ताट, आणि त्याला जडणारा मधुमेह.

सैनिकाच्या प्रकृतीचा अन्नाशी किती निकटचा संबंध असतो, याचे एक उदाहरण आपल्याच मुलखाच्या इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे सहावी पुणे डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांच्या वेढ्यात सापडली होती. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. या एकाच छावणीत दोन निरनिराळे रोग उद्भवले. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळे. त्यांना बेरीबेरीने ग्रासले. हिंदी शिपाई कोंड्यासकट दळलेला आटा खात. त्यांचा त्या रोगापासून बचाव झाला. परंतु भाजीपाला मिळेना, आणि घोड्याचे मांस ते धर्मभावनेने पुष्कळ दिवस नाकारीत राहिले. त्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. पुढे मैदा संपत आला व गोऱ्यांच्या पावात जव आणि आटा मिसळणे भाग पडले, तेव्हा बेरीबेरी ओसरली. कोणतेही नवे औषध आले नव्हते. पिठाची गोणी तेवढी बदलली होती.

ते रोग उणिवेचे होते. आज आपल्या निवृत्त बांधवांना गाठणारा रोग बहुतांशी आधिक्याचा आहे, आणि तो वेढ्यात न होता स्वतःच्या ओसरीवर बसून होतो. पहाटेची पी.टी., परेड, पाठीवरचे ओझे, डोंगराळ सरहद्दीवरील थंडी, या सर्वांना पुरेल असेच पलटणीचे रेशन असते. शिपायाची निवृत्ती बहुधा पस्तिशी-चाळिशीतच होते. गणवेश एका दिवसात उतरतो. भूक मात्र वीस वर्षांची सवय धरून राहते. पुढे एखाद्या बँकेच्या किंवा कारखान्याच्या दारावर खुर्चीत बसून पहारा करण्याची नोकरी लागते, रात्रपाळीत गोड चहाचे चार-सहा कप होतात, कॅन्टीनची बाटली घरी येते. शिवाय इतकी वर्षे परमुलखात काढून आलेला माणूस, म्हणून घरची माणसे त्याला प्रेमाने आग्रह करकरून वाढतात. यात कोणाला दोष द्यावा?

हे आपल्याकडेच घडते असे नव्हे. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी असलेल्या सरकारी रुग्णसेवेतील सुमारे एक चतुर्थांश रुग्ण मधुमेही आहेत. व्हिएटनामच्या युद्धात फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकाशी मधुमेहाचा संबंध मानून तेथील सरकारने २००१ पासून त्या सैनिकांना भरपाईचा हक्क दिला. म्हणजे सगळाच अपराध ताटाचा असतो असे नाही. तथापि आपल्या हाती आहे ते ताटच.

“मी कोठे लठ्ठ आहे?” असा प्रश्न सुभेदारसाहेब छाती पुढे काढून विचारतात. त्यांचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या डॉ. यडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के! आपली चरबी पोटात लपून बसते. तेव्हा वजनकाट्याबरोबर शिंप्याची फीतही हाती घ्यावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मधुमेह एकदा जडला की तो जन्माचा सोबती, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो. २०१७ साली ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या प्रयोगाचे फलित प्रसिद्ध झाले, आणि या समजुतीला मोठा धक्का बसला. मधुमेह होऊन सहा वर्षांहून अधिक काळ न लोटलेल्या व इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा पातळ आहार दिला, आणि नंतर हळूहळू नेहमीच्या अन्नावर आणले. वर्षअखेर त्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर औषधांवाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांचे वजन १५ किलो वा त्याहून अधिक उतरले, त्यांच्यात ते ८६ टक्के भरले. यकृतात व स्वादुपिंडात साचलेली चरबी वितळली की इन्सुलिनचे काम पुन्हा सुरळीत होऊ लागते, अशी याची उपपत्ती आहे. मात्र दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले. वजन परतले की रोगही परततो.

आपल्या देशासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासातून २०२२ साली एक प्रमाण पुढे आले : मधुमेह मागे हटवावयाचा तर पिष्टमय पदार्थांतून येणाऱ्या कॅलरी ४९ ते ५४ टक्क्यांवर आणाव्यात आणि प्रथिनांच्या १९ ते २० टक्क्यांपर्यंत वाढवाव्यात. सोप्या भाषेत सांगावयाचे तर भात-भाकरी उणी, उसळ-आमटी दाट. चार भाकऱ्यांच्या दोन कराव्यात आणि रिकाम्या जागी मटकीची उसळ, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, ताक, आणि चालत असल्यास अंडी किंवा मासळी यावी. भाजी व उसळ आधी खाऊन भाकरी मागाहून खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी चढते. ज्वारीची भाकरी मधुमेह्याने हवी तेवढी खावी, हा समज निराधार आहे; तीही पिष्टच. गूळ हीदेखील साखरच, मग तो कितीही सेंद्रिय म्हणून विकला जावो. कारल्याच्या रसावर भरवसा ठेवून ताट तसेच ठेवणारे गृहस्थ तर मी इतके पाहिले आहेत की त्या कारल्याचीच दया यावी.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. २००३ पासून माजी सैनिकांसाठी असलेल्या ईसीएचएस योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून गोळ्या मिळतात, हे मोठेच सुख आहे. पण गोळ्या पूर्वीइतक्याच घेऊन अन्न एकाएकी निम्मे केले, तर साखर धोकादायक रीतीने उतरून माणूस घेरी येऊन पडतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका अधिकच. रक्तदाबाच्या गोळ्यांचाही फेरविचार करावा लागतो. म्हणून ताट बदलण्याआधी डॉक्टरांना सांगावे, साखर वारंवार तपासावी, आणि स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनेही विचारूनच वाढवावीत.

भगिनींनो, हा सारा भार अखेर तुमच्यावर येतो, याची मला जाणीव आहे. एकट्यासाठी निराळा स्वयंपाक करावा लागला की महिन्याभरात करणारीही थकते आणि खाणाराही चोरून खाऊ लागतो. सगळ्या घराने तेच जेवावे. ज्याच्या वडिलांना मधुमेह आहे, त्या मुलालाही त्याची गरज आहेच.

शेवटी मंडळापाशी एक सूचना करून आपली रजा घेतो. आपल्या मेळाव्याच्या पंगतीत बसल्याबरोबर पानात जिलबी येते आणि उसळ भात संपल्यावर. पुढील वर्षी वाढप्यांना हा क्रम उलटा सांगावा. जिलबी अखेरीस, आणि जो मागेल त्यालाच वाढावी.